एका पोत्यातली कोरडी राख

कुंदा,

तू गेलीस आणि मी पहिलं काम काय केलं, तर तुझा संगणक उघडला. रडणं नंतर झालं. हे ऐकून तुला राग येणार नाही, हसूच येईल, हे मला ठाऊक आहे. "आल्या का फौजदार बाई पंचनाम्याले," असं म्हणून तू खुर्ची सरकवून दिली असतीस. पासवर्ड विचारायची गरजच नव्हती. तो तू स्क्रीनच्या कडेला कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून चिकटवला होतास, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. त्यावरूनही आपलं एकदा भांडण झालं होतं. तू म्हणाली होतीस, "आपल्या ह्या सिमेंटच्या ठोकळ्याचे आकडे कोन चोरून नेते वं?" मी म्हटलं होतं, चोरून नेणाऱ्याची भीती नाही, बदलून ठेवणाऱ्याची आहे.

तर मी बघत होते, आकडे बदलले आहेत का. तूच बदललेस का.

सावडायला तुझ्या भावाने मला बोलावलं होतं. मी गेले नाही. गेली कित्येक वर्षं आपण दोघी यवतमाळच्या या कॉलेजात राख चाळत बसलो. त्या सकाळी कोणाला तरी त्यावरून काहीतरी सुचलंच असतं, तो बोललाच असता आणि मी त्याला तिथेच झापलं असतं. म्हणून घरीच बसले. शोकसभेला मात्र आले. मागच्या बाकावर बसून एकेकाचं ऐकत होते. तू मनमिळाऊ होतीस, तू हसतमुख होतीस, तू संस्थेचा आधार होतीस. तुझी सिमेंटची मागणी वर्षभर अडवून ठेवणारा माणूस तुझ्या फोटोसमोर डोळे पुसत होता. मेल्यावर म्हैस दुधाळ म्हणतात ते काही खोटं नाही.

मग प्राचार्य उठले. म्हणाले, कुंदाताईंचं स्वप्न आपण पूर्ण करू. कापसाच्या पऱ्हाटीच्या राखेचे ब्लॉक लोहाऱ्याला एक कारखानदार काढायला तयार आहे, ताईंनी ठरवलेल्याच प्रमाणात. पहिले ब्लॉक एका अंगणवाडीच्या भिंतीला लागतील आणि भिंतीवर त्यांचं नाव असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबले. माझे हात मांडीवरच राहिले.

कारण ते प्रमाण एकाच गावाहून आलेल्या राखेवरून ठरलं होतं. आणि त्या राखेच्या आकड्यांवर माझा विश्वास नव्हता, हे मी तू जिवंत असताना, सगळ्यांदेखत, विभागाच्या बैठकीत म्हणाले होते. ते मी अजूनही परत घेत नाही. पण त्या सभेतली माझी अडचण बघ. मी गप्प बसले, तर उद्या त्या भिंतीच्या आडोशाला पोरं खिचडी खात बसणार. मी बोलले, तर सगळे म्हणणार, म्हणजे कुंदाबाईंनी आकडे फुगवले होते. आणि माझ्याकडे बोट दाखवणार, वंदना म्हणत होती ते खरं निघालं. जिवंत माणूस निदान भांडू तरी शकतो.

बोंडअळीची ती वर्षं आठव. हिरव्या बोंडात अळी, वर फवारणीने आजारी पडलेली माणसं, आणि कृषी खात्याचा हुकूम की पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, उपटा, जाळा. गावोगाव धुरकट झालं होतं. आपण दारव्ह्याकडून बसने येत होतो. तू खिडकीतून बघत म्हणालीस, "एवढी राख चालली वाऱ्यावर. सिमेंटात घालून पाहू का वं?" मी म्हटलं, पऱ्हाटीच्या राखेत खार फार, सिमेंटला ती मानवायची नाही. तू म्हणालीस, पाहू. तुझं सगळं काम या एका शब्दावर चालायचं.

आणि माझं काम त्या शब्दावर शंका काढण्यावर. तो माझा पिढीजात धंदा आहे. माझे वडील महागावच्या बाजारात कापूस मोजायच्या काट्यावर हमाल होते. काटा दांडीला कसा अडतो, गाडीखाली दगड कसा येतो, मापाड्याचा गुडघा पोत्याला कसा टेकतो, हे मी लहानपणीच शिकले. बाबा म्हणायचे, "काटा खोटा नाई बोलत पोरी, काट्यापाशी उभा राह्यलेला माणूस बोलते." म्हणून मला आपलं जुनं यंत्र आवडायचं. ठोकळ्यावर दाब वाढत जायचा, तबकडीवरचा काटा डोळ्यांदेखत सरकायचा, फट् आवाज आला की थांबायचा. मग संगणकाला जोडलेलं नवं यंत्र आलं. त्यात दाब आपोआप वाढतो, आलेख आपोआप निघतो, आकडा आपोआप साठतो. तू त्याच्या प्रेमात पडलीस. मी म्हटलं, यात काट्यापाशी कोण उभं आहे तेच दिसत नाही.

तरी एक खेळ आपण नव्या यंत्रावरही चालू ठेवला. ठोकळा यंत्रात ठेवला की बटण दाबायच्या आधी, तो किती दाबाला फुटेल तो आकडा दोघींनी बोलायचा. जिचा लांब पडेल तिने त्या दिवसाचे साचे घासायचे. लोखंडी साच्याच्या कोपऱ्यात सिमेंट असं धरून बसतं की नखं तुटतात. वर तेलाचं बोट फिरवून पालथे घालायचे. जिंकणारीला तपासायचा हक्क. तू जिंकलीस की पदर खोचून तपासायला यायचीस, करंगळी कोपऱ्यात घालायचीस आणि दरवेळी काहीतरी काढायचीसच. "कोपरा राह्यला वं फौजदार." मी चिडायचे. तुझ्या करंगळीला लागलेलं ते सिमेंट तू आधीपासून नखात घेऊन यायचीस, असा मला दाट संशय होता. आहे.

आता त्या गावाचं. महागावच्याही पलीकडचं गाव. नाव लिहीत नाही. का ते कळेलच. बाकीच्या गावांत आपण दोघी गेलो होतो. पऱ्हाट्या समोर जाळायला लावल्या, राख थंड होईपर्यंत बसलो, समोर पोत्यात भरली. त्या गावाच्या वेळी माझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तू एकटी गेलीस. राख तयारच होती. तिथल्या शेतकरीण गिरजाबाईंनी तुला चहा पाजला, तोंड शिवलेलं पोतं एसटीच्या टपावर चढवून दिलं आणि तू घेऊन आलीस.

बाकी सगळ्या गावांच्या राखेने ठोकळे कमजोर झाले. जितकी राख जास्त, तितका आकडा खाली. मी म्हटलं होतं तसंच. आणि त्या गावाच्या राखेचे ठोकळे? साध्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्याही वर गेले. तू आनंदाने माझ्या पाठीत धपाटा घातलास. मी विचारलं, "तू जळताना पाह्यलं का?"

"नाई पाह्यलं. गिरजाबाईनं सांगितलं नं, आमच्याच वावरातली आहे."

"तिनं सांगितलं अन् तू आणली?"

"मंग काय करू, तिले शपथ घालू? चहा पिऊन राह्यलो आमी, अन् मी तिले पुरावा मागू?"

"ठोकळे भरताना सिमेंट जास्त पडलं असंल."

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. तुझा चेहरा पहिल्यांदा तसा झालेला मी पाहिला. "वंदे," तू म्हणालीस, "चुकून पडलं म्हणून राह्यली का मुद्दाम?"

मी सिमेंटचा वजनकाटा तपासायला लागले. हेही उत्तरच आहे, हे दोघींना कळत होतं. त्यानंतर आपण बोलत होतो, चहा घेत होतो, आकड्यांचा खेळही खेळत होतो. पण त्या पोत्याचा विषय निघाला की तू कपाट आवरायला लागायचीस. तुझ्यासारखी बाई कपाट आवरते म्हणजे काहीतरी लपवते, असं मी मनात लिहून ठेवलं.

श्रावणात तुला ताप आला. डेंग्यू म्हणाले. दवाखान्यातून तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज खोल गेलेला होता. मला वाटलं, झोप म्हणावं. पण तूच म्हणालीस, "त्या पोत्याचं माह्या ध्यानात आलं काहीतरी. बरी झाली का सांगतो तुले." मी म्हटलं, "आत्ताच सांग." तू म्हणालीस, "फोनवर नाई. तू लगेच पंचनामा करशीन." हसलीस आणि खोकलीस.

मग तू बरी झाली नाहीस.

तर मी संगणक उघडला. यंत्र फक्त शेवटचा आकडा ठेवत नाही. ठोकळ्यावर दाब कसा कसा चढत गेला ती पूर्ण रेघ ठेवतं. शेवटचा आकडा कोणीही बदलेल, पण अशी रेघ हाताने काढणं सोपं नाही. तिच्यात बारीक थरथर असते, ठोकळ्याचा एखादा कोपरा आधी दबतो त्याची खूण असते. दाब घाईने चढवला तर आकडा थोडा फुगतो, ही जुनी लबाडी. तीही रेघेत पकडली जाते, कारण चढ उभा होतो. मी एकेक रेघ बघितली. चढ जसा हवा तसा, थरथर जागच्या जागी. ठोकळ्यांची वजनं बघितली, सिमेंटचा साठा जुळवून बघितला. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. तू एक आकडासुद्धा हलवला नव्हतास.

मला तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, घोटभर पाणी पिईपर्यंत. मग मनात आलं, मोजणी खरी आणि निकाल अशक्य, तर मग खोटं काय? संशयाचं असंच आहे. एका दाराने हाकलला की दुसऱ्या दाराने येऊन ओट्यावर बसतो.

तो दुसऱ्या दाराने आला तेव्हा मी तुझी खिडकी साफ करत होते. खिडकीत कॅन्टीनच्या चहाच्या बशा होत्या, ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत थोडी राख. मी आधी तुझ्या नावाने बोटं मोडली. बशा हरवल्या म्हणून कॅन्टीनवाला माझ्याशी भांडून गेला होता. उचलायला गेले आणि हात थांबला. बाहेर झड लागली होती. भिंतींना बुरशी आली होती, मीठ ओलं झालं होतं. बशांमधली राखही ओली झाली होती, चिकट, गोळे झालेली. पऱ्हाटीच्या राखेतला खार हवेतलं पाणी ओढतो, तसंच व्हायला हवं. एका बशीतली राख मात्र कोरडी होती. मोकळी, हलकी, बोटांतून निसटणारी. बशीखाली तू त्याच गावाचं नाव लिहून ठेवलं होतंस.

मी कोपऱ्यातलं ते पोतं उघडून आत कोपरापर्यंत हात घातला. कोरडं. इतर पोती हाताला लिबलिबीत लागत होती. उन्हाळ्यात आपण काम केलं तेव्हा सगळ्याच राखा कोरड्या होत्या, म्हणून कोणाला कळलं नाही. ही राख पऱ्हाटीची नव्हतीच. आणि हे तुला कळलं होतं. फोनवर सांगायचं नव्हतं ते हे.

कुंदा, मी तिथे जमिनीवर बसून रडले. तू गेलीस म्हणून, आणि तू ते बशांमध्ये मांडून ठेवलंस म्हणून. आपल्या अख्ख्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात स्वस्त यंत्र.

दुसऱ्या दिवशी महागावची बस धरली. तिथून पुढे ऑटो. रस्ताभर मनात खटला चालवत होते. ह्या बाईने कुंदाला फसवलं. का फसवलं? कोणी शिकवलं? गाव मला काही बोलणार नाही याची खात्री होती. त्या वर्षांत गावात बॅग घेतलेलं माणूस आलं की आयाबाया दारं ओढून घ्यायच्या. पाहणी करायला पथकं यायची, बिस्किटं खाऊन जायची आणि मागून नोटीस यायची. संशयात त्या गावाने मलाही मागे टाकलं असतं.

गिरजाबाई घरापुढच्या वट्ट्यावर तूर निवडत होत्या. मी नाव सांगितलं. त्या माझ्या मागे बघायला लागल्या.

"अन् कुंदाबाई? त्या नाई आल्या?"

कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी सांगितलं. त्यांनी सुपातली तूर तशीच ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मी आणलेला सगळा खटला माझ्या हातातच राहिला.

"फोन आलता तिचा," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हने, माय, मी येतो तुमच्याकडं, बसून बोलाचं आहे. म्या म्हटलं, ये बाई. तिले सांगनारच होती मी. आली का सांगतो म्हटलं."

"पोत्याबद्दल काही विचारलं का तिनं?"

"नाव नाई काढलं. तब्येत इचारली, नातवाचं इचारलं."

मग त्यांनीच सांगितलं. त्या हंगामात अर्ध्या गावाने चोरबीटी पेरलं होतं, सरकारची परवानगी नसलेलं बियाणं, तणनाशक मारलं तरी न मरणारं. कृषी खात्याची माणसं शेतात यायची, पान खुडायची, चुरडून पाण्यात टाकायची, त्यात कागदाची पट्टी बुडवायची. पट्टीवर रेघ उमटली की शेतकऱ्यावर केस. "अन् त्याच टायमाले कुंदाबाई आल्या, की पऱ्हाटीची राख द्या, यवतमाळले नेऊन तपासतो," गिरजाबाई म्हणाल्या. "आता तूच सांग बाई. पानातून बियानं ओयखतात, तं राखेतून कायले नाई ओयखनार? गावातले मानसं भेले. म्हने, देऊ नोका. पन तिले नाई म्हनाले तोंड नाई झालं माह्यं. एवढ्या लांबून आली, पोरीसारखी बसली. मंग म्या घरच्या जवारीचे धसकटं जाळले अन् थे राख देल्ली."

ज्वारीची धसकटं. कापणीनंतर शेतात उरलेले बुडखे. ज्वारीच्या अंगात वाळूचा अंश भरपूर. धांडा, म्हणजे ताट, चघळताना जीभ कापते ते त्यामुळेच. तशी राख सिमेंटला मानवते, हे मला आणि तुला चौथीच्या पोरीच्या पाढ्यांसारखं पाठ होतं. मी कपाळावर हात मारून घेतला आणि हसायला लागले. गिरजाबाई घाबरल्या. राखेतून बियाणं ओळखता येत नाही हो, असं मी त्यांना समजावत होते आणि त्या मान हलवत होत्या. त्यांना ते पटलं नाही हे मला दिसत होतं. मलाही कोणी असं सांगितलं असतं तर पटलं नसतं.

"मंग आता कुंदाबाईवर बालंट येते का?" त्यांनी विचारलं.

"येऊ देणार नाही," मी म्हटलं. "तुमच्यावरही नाही. पण मला अजून राख पाहिजे. तीच. आणि यावेळी मी इथे बसून जळताना पाहणार."

त्यांनी गुरांच्या कोठ्यातून चुलीसाठी साठवलेली धसकटं काढली. टिनाखाली आम्ही दोघींनी ती जाळली. चहा झाला. राख थंड होईपर्यंत त्या तुझ्याबद्दलच बोलत होत्या, तू त्यांना ब्लाउजच्या बाह्या कशा बेतायच्या ते दाखवलंस म्हणे. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

प्राचार्यांना मी एवढंच सांगितलं की राख ज्वारीची होती, गावात सरमिसळ झाली, पऱ्हाटीचे ब्लॉक काढू नका. ते म्हणाले, "म्हणजे बाईंचं चुकलं."

"नमुना चुकला, सर. मोजणी बरोबर आहे."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्हीच म्हणत होत्या का आकडे पटत नाहीत. आता त्या गेल्या तं पटून राह्यले का? मैत्रीण होती, समजू शकतो मी."

माझ्यावर संशय! मला, वंदनेला, कोणी सांगतंय की तू मैत्रीखातर आकड्यांवर पांघरूण घालतेस. कुंदा, तू असतीस तर खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसली असतीस. मला मात्र झोंबलं. पण खरं सांगू, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी म्हटलं, "पटवून घेऊ नका. तुमच्यासमोर फोडते."

तुझ्या प्रमाणात ठोकळे भरले. राख तशीच चाळली, सिमेंट वजन करताना तुझी विद्यार्थिनी आणि कारखानदाराचा माणूस दोघांना उभं केलं. घट्ट व्हायला चार आठवडे पाण्याच्या हौदात ठेवायचे होते. हौदाच्या खोलीची किल्ली मी गळ्यातल्या दोऱ्यात घातली. दरवर्षी दसऱ्याला आमच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. यंदा सगळे गेले, मी गेले नाही. आई म्हणाली, "ठोकळे काही पळून जाते का?" पळून जात नाहीत, पण बदलले जातात. माझ्यामागे कोणी हौदात हात घालेल अशी मला शंका होती. घरीच मेणबत्ती लावून बुद्धवंदना घेतली आणि किल्ली चाचपून बघितली.

ठोकळे फोडले त्या दिवशी प्राचार्य आले, लोहाऱ्याचा कारखानदार आला. मी ठोकळा पुसला, मधोमध ठेवला, झाकण लावलं. बटणावर बोट ठेवलं आणि सवयीने थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोठ्याने एक आकडा बोलले. त्यांना वाटलं असेल, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. तुझ्या आकड्यापेक्षा जरा खालचाच बोलले, कारण गिरजाबाईंच्या हातची राख स्वतः डोळ्यांनी जळताना पाहूनही माझ्या मनात किंचित शंका उरली होतीच. मग तुझ्या वतीने तुझाच आकडा बोलले, तुझ्या आलेखातला.

रेघ चढत गेली. मी बोललेला आकडा तिने ओलांडला आणि चढतच राहिली. मग फट् झालं.

तुझा आकडा जवळ पडला. इतका जवळ की कारखानदार वाकून स्क्रीन बघायला लागला. पुढचेही ठोकळे तसेच. प्राचार्यांनी तुझे जुने आलेख मागून घेतले, शेजारी धरले, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "बाईंचं काम साफ होतं." एवढं बोलले आणि गेले. बैठकीत पुन्हा सगळ्यांसमोर बोलायला मी त्यांना भाग पाडणार आहे, ती काळजी करू नकोस.

पऱ्हाटीच्या ब्लॉकचं काम थांबलं. अंगणवाडीला साधी वीट लागतेय. ज्वारीच्या राखेचे ब्लॉक काढा म्हणून मी कारखानदाराला म्हटलं, तर तो म्हणाला, "जवारी पेरते कोन आता, मॅडम?" त्याचंही बरोबर आहे. सगळीकडे कापूस आणि सोयाबीन. तेव्हा तुझं नाव कुठल्या भिंतीवर लागणार नाही. तुला त्याचं काही वाटणार नाही हे माहीत आहे. मला वाटतं.

आणि आपलं भांडण तसंच राहिलं बघ. मी म्हणत होते ही राख पऱ्हाटीची असूच शकत नाही. ती नव्हती. तू म्हणत होतीस आकडा खरा आहे. तो खरा होता. बशा मांडून झाल्यावर तू मला काय म्हणणार होतीस? "तुझं बरोबर होतं" म्हणणार होतीस, की गिरजाबाईंना आधी भेटून, त्यांना सांभाळून, मग मला अर्धवटच सांगणार होतीस? मला यातलं दुसरं खरं वाटतं. तू मला पूर्ण कधीच सांगितलं नसतंस, कारण मी ऑटो करून दुसऱ्याच दिवशी त्यांच्या वट्ट्यावर जाऊन उभी राहिले असते. तशी राहिलेच. हा संशय आता फिटायचा नाही आणि मला तो फिटायला नकोही आहे. तुझ्याशी बोलायला काहीतरी शिल्लक हवं.

सगळे गेल्यावर मी साचे घासायला घेतले. हरले होते ना. ब्रशने घासले, खिळ्याने कोपरे खरवडले, फडक्याने तेल फिरवलं आणि एकेक करून खिडकीखाली पालथे घातले, तुझ्या बशा होत्या तिथे. नखं तुटली. शेवटच्या साच्यातला एक कोपरा मात्र मी घासला नाही, कुंदा. मुद्दाम तसाच ठेवला आहे.